गावात भूकंपाच्या चित्रपटाचे चित्रीकरण : परवानगी द्यावी का?

माळवद
सोलापूर जिल्ह्याच्या पूर्वेला, तुळजापूरच्या बाजूला आमचे आठवडी बाजाराचे गाव आहे. अजून काहीच ठरलेले नसल्यामुळे गावाचे नाव लिहीत नाही. गेल्या महिन्यात एका चित्रपटाची माणसे येऊन वेस, जुनी पेठ आणि पडकी गढी यांची छायाचित्रे काढून गेली. त्यांना भूकंपावरचा चित्रपट करायचा आहे. पेठेतील दगडी घरांपुढे खोट्या भिंती उभारायच्या, त्या पाडायच्या, रस्ताभर मलबा पसरायचा आणि रात्रीची धावपळ व आक्रोश चित्रित करायचा, असा एकंदर बेत आहे. त्यासाठी पेठ तीन आठवडे बंद ठेवावी लागेल. त्या बदल्यात ग्रामपंचायतीला काही रक्कम, दुकानदारांना भरपाई आणि गावकऱ्यांना गर्दीच्या प्रसंगांत रोजगार मिळेल, असे ते सांगतात.

गावात यावरून सरळ दोन तट पडले आहेत. तरुण मंडळींना गावाचे नाव पडद्यावर हवे आहे. ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट अनुभवली, त्यांना मात्र हा विषयच नको आहे. आमच्या गावात त्या वेळी मृत्यू झाले नाहीत, परंतु भिंती फाटल्या आणि पुढे कितीतरी महिने माणसे अंगणात झोपत होती. माझी चुलती पावसाळा सोडला तर आजही घरात झोपत नाही. ग्रामसभेपुढे विषय येण्याआधी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. अशा चित्रीकरणाचा गावावर प्रत्यक्षात काय परिणाम होतो? आणि परवानगी द्यायचीच झाली, तर कोणत्या अटी घालाव्यात?

होटगीरोड
माझ्या मते बेलाशक परवानगी द्यावी. जे पडणार आहे ते थर्माकोलचे आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली, तेव्हा आमच्या भागातल्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. पडझड पाहायला माणसाला आवडते, आणि त्यातून गावाला चार पैसे मिळत असतील तर वाईट काय?

सीनाकाठ
होटगीरोड, ती चिमणी पाडताना गच्चीवर कोण होते आणि कोण नव्हते, हेही लिहावे. माझ्या ओळखीचे ऊस उत्पादक सभासद त्या दिवशी दार लावून घरात बसले होते. एकाच पडझडीत एकाला मौज वाटते आणि दुसऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. धागाकर्त्यांच्या गावात नेमकी हीच अडचण आहे.

शेंगाचटणी
आमच्या वॉर्डातला रस्ता पाहिला तर भूकंप होऊन गेल्याचे दृश्य विनाखर्च मिळेल. निर्मात्यांना आमचा पत्ता कळवावा, मलबाही आणावा लागणार नाही.

कलाविभाग
मी मूळचा बार्शीचा असून पुण्यात राहून चित्रपट आणि मालिकांच्या कलाविभागात काम करतो. बाहेरून दिसणारे चित्र आणि प्रत्यक्ष काम यांत बरेच अंतर असते, म्हणून सविस्तर लिहितो.

खोटी भिंत म्हणजे मागे लाकडी चौकट, त्यावर प्लायवूड, त्यावर दगडाच्या आकारात कोरलेले थर्माकोल, आणि वरून प्लास्टर ऑफ पॅरिस व रंग. ती उभी करताना चौकट आधाराला कुठेतरी अडकवावीच लागते, आणि घाई असली की कारागीर थेट घराच्या मूळ भिंतीत खिळे ठोकतात. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीला ते मानवत नाही. चौकट स्वतंत्र पायावर उभी राहील आणि मूळ भिंतीला हात लागणार नाही, हे आधीच लिहून घ्या. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराची आतून-बाहेरून छायाचित्रे तारखेसह काढून ठेवा, कारण तडा जुना की नवा, हा वाद शेवटच्या दिवशी हमखास होतो.

दुसरी गोष्ट धुळीची. पडझडीची धूळ बहुतेक वेळा मुलतानी मातीची असते आणि ती मोठ्या पंख्यांनी उडवली जाते. पडद्यावर ती सुंदर दिसते, परंतु पेठेत किराणा, कापड आणि धान्याची दुकाने असतील तर ती बंद फळ्यांच्या फटींतूनही आत शिरते. दुकानदारांना बंद दिवसांची भरपाई मिळते, पण धूळ बसलेल्या मालाची कुणी धरलेली नसते. दम्याचे रुग्ण आणि लहान बाळे असलेल्या घरांची त्या दिवसांपुरती दुसरीकडे सोय करायला हवी.

तिसरे म्हणजे, तुमच्याशी गोड बोलणारा माणूस आणि पैसे देणारा माणूस वेगवेगळे असतात. तोंडी शब्द देणारा गृहस्थ पॅकअपच्या दिवशी पुढच्या गावात जागा पाहत असतो.

नळाचीवाट
एक साधा प्रश्न विचारतो. यात पाऊस आहे का? सोलापूर शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नसतो. उजनी भरली तरी आमच्या हौदाची स्थिती बदलत नाही. अशा जिल्ह्यात कृत्रिम पावसासाठी टँकरमागून टँकर रस्त्यावर ओतले जाणार असतील, तर गावकऱ्यांनी ते हंडे घेऊन पाहत उभे राहायचे का?

माळवद
नळाचीवाट, पाऊस आहे. त्यांचे म्हणणे असे की भूकंपानंतर मदतकार्याच्या वेळी पाऊस झाला होता, म्हणून कथेतही तो हवा. पाणी कुठून आणणार, हे विचारण्याचे आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते. आता विचारतो.

औसा_फाटा
मी लातूर जिल्ह्यातला आहे. तो भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती बोळवून माणसे दमून गाढ झोपली होती. आमच्याकडच्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड आणि मातीच्या. वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात अशा घरात पंख्याची गरज भासत नाही. त्या पहाटे मात्र भिंतींचे दगड सुटले आणि माळवद खाली आले. हजारो माणसे गेली, ती बहुतांशी या बांधणीमुळे. पुढे बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

हे एवढ्यासाठी लिहिले, की भूकंपाच्या चित्रपटात जमीन दुभंगून माणसे गडप होताना दाखवतात, आमच्याकडे तसे काही घडले नव्हते. माणसे स्वतःच्या घराखाली गेली. निर्माते जर तुमच्या पेठेतील दगडी घरेच निवडत असतील, तर त्यांना हे ठाऊक असावे. मग त्यांनी ते धडपणे दाखवावे. एखाद्या गावाने पडदा पाहून आपल्या जुन्या घराच्या भिंती आतून-बाहेरून बांधून घेतल्या, तर त्या चित्रपटाचा काही उपयोग झाला म्हणता येईल.

आणखी एक सांगतो. १९९३ मध्ये मदतीला माणसे आली, सोलापूरहून तर डॉक्टर आणि कार्यकर्ते मोठ्या संख्येने आले, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु नुसते पाहायला येणारेही खूप होते. मी त्या वेळी शाळेत होतो. आमच्या पडलेल्या घरासमोर एक कुटुंब जीपमधून उतरले, त्यांनी डबा उघडून खाल्ला आणि निघून गेले. तुमच्या पेठेत चित्रीकरण पाहायला आजूबाजूची गावे लोटतील, त्या वेळी वडीलधाऱ्यांच्या मनात काय येईल, याचा अंदाज मला आहे.

कडक_भाकरी
औसा_फाटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर विनोद करणार नाही.

सातरस्ता_ते_सिएटल
मूळ प्रश्न इतरत्र काय झाले असा आहे, म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात वॉलेस नावाचे चांदीच्या खाणींचे, हजारभर वस्तीचे गाव आहे. १९९७ मध्ये आलेल्या ‘डान्टेज पीक’ या ज्वालामुखीच्या चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले. त्या गावात ज्वालामुखी नाही. गावामागच्या डोंगराला संगणकावर ज्वालामुखीचे रूप दिले, काही इमारतींना खोटे दर्शनी भाग लावले आणि मोठी पडझड छोट्या प्रतिकृतींवर दाखवली. गावकरी गर्दीच्या प्रसंगांत होते. त्या मार्गाने जाताना मी तिथे थांबलो होतो. दुकानदार तो विषय अजून हौसेने काढतात. याच गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग १९१० च्या वणव्यात खरोखर जळाला होता, तरीही चित्रपटाने तिथे जखम उकरली असे मला कुणाच्या बोलण्यात जाणवले नाही.

सीनाकाठ
सात रस्त्याचे अण्णा, तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. वणवा आणि चित्रपट यांच्यात ऐंशीहून अधिक वर्षे गेली होती आणि आपत्तीही वेगळी होती. ज्या गावात ज्वालामुखी नाही तिथे ज्वालामुखी दाखवणे, आणि जिथे भूकंपाने भिंती फाटल्या तिथे भूकंप दाखवणे, या दोन गोष्टी एका तागडीत कशा घालता येतील?

जुनागिरणगाव
आणखी एक उदाहरण आहे आणि ते या दोन्हींच्या मधले आहे. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८२ मध्ये अणुयुद्धावरच्या ‘द डे आफ्टर’ या दूरचित्रवाणीपटाचे चित्रीकरण झाले. गावकऱ्यांनीच भाजलेल्या, केस गेलेल्या माणसांची कामे केली. २० नोव्हेंबर १९८३ रोजी तो प्रसारित झाला तेव्हा गावातील माणसे मेणबत्त्या घेऊन एकत्र जमली. ती आपत्ती तिथे घडलेली नव्हती, पण घडू शकेल ही भीती त्या काळी खरी होती. स्वतःचेच गाव उद्ध्वस्त झालेले पाहिल्यावर चर्चा सिनेमापुरती राहत नाही, असे यावरून दिसते.

आता सोलापूरविषयी. आपल्या शहरात पडझडीचे आयते नेपथ्य होतेच की. गिरण्या बंद पडल्यावर त्यांची आवारे, चाळी आणि धुराडी कितीतरी वर्षे तशीच उभी होती. माझे वडील साच्यावर होते. पहाटेचा भोंगा थांबला त्याला कोणी आपत्ती म्हटले नाही, कारण ती एका रात्रीत आली नाही. असो, विषयांतर झाले.

शेंगाचटणी
विषयांतर नाही, काका. गिरणीच्या ओसाड आवारात भूकंप दाखवा, असे निर्मात्यांना सुचवता येईल. अडचण एवढीच, की आता तिथे बऱ्याच ठिकाणी सदनिका झाल्या आहेत आणि त्यांचे भाव ऐकूनच जमीन हादरते.

कुंभारवेस
आतापर्यंतचे बहुतेक प्रतिसाद पुरुषांचे दिसतात, म्हणून काही राहून गेले आहे. माझ्या माहेरच्या गावी एका मालिकेचे चित्रीकरण झाले होते. आक्रोश करणाऱ्या, ढिगाऱ्याजवळ बसलेल्या बायका दाखवायच्या म्हणून गावातल्या स्त्रियांना रात्रभर बसवले. शौचालयाची गाडी कलाकारांसाठी होती, यांच्यासाठी नव्हती. मजुरी मध्यस्थामार्फत आली आणि ठरली त्यापेक्षा कमी हातात पडली. ज्यांचे घर वापरले त्यांना चांगले भाडे मिळाले आणि समोरच्यांना काहीच मिळाले नाही. त्या दोन घरांमध्ये हळदीकुंकवाचे बोलावणे अजून बंद आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. कोणत्या घरापुढे काय उभारायचे हे कळावे म्हणून कलाविभागाच्या मुलांनी प्रत्येक दाराच्या चौकटीवर तांबड्या रंगाने आकडे आणि फुल्या काढल्या. त्यांच्या दृष्टीने ती कामाची खूण होती. आमच्या शेजारच्या आजींना वाटले की सरकारने पंचनामा करून घर धोकादायक ठरवले आहे, आणि त्या दोन दिवस कपड्यांचे गाठोडे बांधून बसल्या. त्यांना कुणी काही सांगितलेच नव्हते. त्या फुल्या पुढे दिवाळीच्या रंगापर्यंत तशाच होत्या.

जेवणाचेही पाहा. युनिटचे जेवण बाहेरच्या कंत्राटदाराकडून येते. न्याहारीचे आणि गर्दीतल्या माणसांच्या जेवणाचे काम गावातल्या बचत गटांना मिळाले, तर तो पैसा खऱ्या अर्थाने गावात राहील. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना काही नावे ठेवण्यासारखे नाही.

कडक_भाकरी
मी आणि शेंगाचटणी दोघेही आपले आभारी आहोत.

कलाविभाग
कुंभारवेस अक्का, फुल्यांचा प्रकार सर्रास चालतो आणि तो टाळता येतो. खडूने किंवा दोरीला बांधलेल्या चिठ्ठीनेही खूण होते. तांबडा रंग केवळ सवयीने वापरला जातो.

दिवाणीदावा
कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो. गर्दीत लहान मुले असतील, तर २०१६ च्या सुधारणेनंतरच्या बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या कमाईचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. बैल, शेळ्या किंवा कुत्री दाखवायची असतील, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. घाबरलेली जनावरे दावे तोडून पळतात, असे दृश्य या कथेत असणारच, म्हणून हे आवर्जून सांगतो.

ग्रामपंचायतीने केवळ ना हरकत दाखला देऊन थांबू नये. लेखी करार करावा आणि त्यात मलबा उचलण्याची अंतिम तारीख, अनामत रक्कम, घराघराची भरपाई आणि मजुरी थेट खात्यावर जमा करण्याची अट असावी. थर्माकोल आणि प्लास्टर गावाच्या ओढ्यात टाकून जाणे ही यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नेहमीची पद्धत आहे.

होटगीरोड
इतक्या अटी घातल्या तर ते शेजारच्या तालुक्यात जातील आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. करमाळ्याकडे ‘सैराट’चे चित्रीकरण झाले, त्यानंतर माणसे लांबून त्या जागा पाहायला येऊ लागली. जिल्ह्याचे नाव झाले, ते काही करारनाम्यामुळे नव्हे.

सीनाकाठ
‘सैराट’ त्याच मातीतल्या माणसाने काढला होता आणि त्याला गाव ठाऊक होते. शिवाय तिथे प्रेक्षक प्रेमकथेची जागा पाहायला येत होते. उद्या तुमच्या पेठेत येऊन कुणी “ती बाई ज्या भिंतीखाली मेली ती भिंत कुठली?” असे विचारत फिरू लागला, तर ते पर्यटन कुणाला हवे आहे? राहिला प्रश्न अटींचा. ज्यांना मलबा उचलण्याची अट जड वाटते ते शेजारच्या तालुक्यात गेलेलेच बरे.

माळवद
सर्वांचे आभार. काल आम्ही काही जण त्यांच्या प्रतिनिधींना भेटलो. पाण्याचे विचारल्यावर त्यांनी उसाला पाणी देणाऱ्या एका शेतकऱ्याची विहीर ठरवल्याचे सांगितले. त्या विहिरीवर उन्हाळ्यात अर्धी वस्ती अवलंबून असते, हे त्यांना माहीत नव्हते. ती विहीर आता रद्द झाली आहे. मुलांचा आणि जनावरांचा विषय काढल्यावर मात्र त्यांनी वही उघडून लिहून घेतले, याचा अर्थ आधी विचार झालेला नव्हता.

माझा मुख्य प्रश्न अजून सुटलेला नाही. भिंत पाडताना मोठा आवाज करणार, पाठोपाठ भोंगा आणि किंकाळ्या, तेही मध्यरात्री. ज्या माणसांनी पूर्वी जमिनीतून आलेली गडगड ऐकली आहे त्यांच्यावर याचा काय परिणाम होईल, हे मला पैशांत मोजता येत नाही. दुसरीकडे, चुलतीशी बोललो तेव्हा तिने भलतेच उत्तर दिले. “मला आधी सांगून करा म्हणजे झालं, न सांगता झालं त्याचीच भीती,” असे ती म्हणाली. तिच्या बरोबरीच्या दोघी मात्र त्या काळात लेकीकडे पुण्याला जायचे म्हणत आहेत.

औसा_फाटा
चुलतींचे म्हणणे बरोबर वाटते. दवंडी, मंदिराचा आणि मशिदीचा ध्वनिक्षेपक, भ्रमणध्वनीवरचे संदेश, जे असेल ते वापरा, आणि फक्त गावातच नव्हे तर आजूबाजूच्या वस्त्यांवरही कळवा. रात्रीच्या शांततेत आवाज लांब जातो. शेजारच्या गावात कुणी झोपेतून उठून लेकरांना घेऊन बाहेर पळाले, तर त्याची जबाबदारी कुणाची? आणि काहीही झाले तरी सप्टेंबरअखेरची तारीख घेऊ नका. त्या दिवशी आमच्याकडे श्रद्धांजली असते.

कलाविभाग
आवाजाबाबत मी आधीच लिहायला हवे होते असे वाटते, कारण हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. पडद्यावर ऐकू येणारी गडगड, भिंती कोसळण्याचा आवाज आणि भोंगा हे सर्व नंतर स्टुडिओत बसवले जाते. जागेवर मोठा आवाज केला जातो तो बहुधा गर्दीने एकाच वेळी दचकावे म्हणून, आणि ते काम ध्वनिक्षेपकावरच्या सूचनेने किंवा दिव्याच्या इशाऱ्यानेही होते. किंकाळ्यासुद्धा नंतर भरता येतात. प्रत्यक्ष पडझडीची दृश्ये मुंबईला गोरेगावच्या चित्रनगरीत सेट लावून घेणे त्यांना शक्य आहे. गावात केवळ भूकंपापूर्वीची पेठ आणि दुसऱ्या दिवशीचा मलबा, तोही दिवसाउजेडी, एवढेच घ्या म्हणावे. त्यांचा खर्च काहीसा वाढेल, म्हणून ते आधी नाही म्हणतील. तुम्ही ठाम राहिलात तर वाटाघाटी होतील, कारण तुमच्या पेठेसारखी अखंड दगडी पेठ त्यांना सहजासहजी सापडणार नाही आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

होटगीरोड
हे मला पटले. गावात मलबा आणि मुंबईत भूकंप, अशी वाटणी असेल तर माझाही विरोधकांना विरोध राहिला नाही.

नळाचीवाट
पाऊसही मुंबईतच पाडावा. तिथे त्याची टंचाई नाही.

माळवद
रविवारच्या ग्रामसभेत ही वाटणी मांडतो. आवाज नाही, रात्रीचे काम नाही, मूळ भिंतीत खिळा नाही, दारांवर रंग नाही, मजुरी थेट खात्यावर, न्याहारी बचत गटाची, आणि बाजाराच्या दिवशी पेठ मोकळी. हे त्यांना मान्य नसेल तर आम्हीही नाही म्हणू, असे निदान आमच्या आळीपुरते ठरले आहे. वरच्या आळीतल्या मुलांनी मात्र आत्ताच दाढ्या वाढवायला घेतल्या आहेत, त्यांची समजूत कशी घालायची ते पाहतो. अनामत रक्कम किती मागावी, यावर कुणी सांगू शकेल का?

दिवाणीदावा
मलबा स्वतः उचलायचा झाल्यास ट्रॅक्टर आणि मजुरीचा जो खर्च येईल, त्याचा स्थानिक ठेकेदाराकडून लेखी अंदाज घ्या. त्यात पेठेतील घरांच्या किरकोळ दुरुस्तीचा अंदाज मिळवा आणि त्या बेरजेच्या दुप्पट मागा. रक्कम काम सुरू होण्यापूर्वी खात्यात जमा झालेली असावी. आणि धनादेश ग्रामपंचायतीच्या नावाने घ्यावा, सरपंचांच्या नव्हे.